पाय दाखवा

साखरेचा आजार घेऊन वारीला निघालेल्या माणसाला लोकांच्या प्रेमाचीच धास्ती वाटते. गोव्यातली डिचोली मागं पडून तास झाला नसेल, तोवर तीन दारांत चहा झाला होता, तोही गोड मिट्ट. मग केळी, मग शिरा, मग राजगिऱ्याचा लाडू. एकादशी अजून लांब असताना कुणीतरी साबुदाण्याची खिचडी घेऊन रस्त्यात उभं. नको म्हटलं तर समोरच्याचा चेहरा पडतो, आणि 'माऊली, एक घास' म्हणणाऱ्या म्हातारीला ग्लुकोमीटरचा आकडा काय सांगणार? दुपारच्या पंगतीत भाताचा डोंगर. मी भात कमी, आमटी जास्त मागून घ्यायचो, तर वाढणारा पोरगा म्हणायचा, "काका, लाजू नका."

पिशवीत घरच्या पुरचुंड्या होत्या. भाजलेले फुटाणे, नाचणीचं पीठ, शेंगदाणे आणि एका कोपऱ्यात खडीसाखर. ही खडीसाखर खायची नाही, साखर उतरून घाम फुटला तरच तोंडात टाकायची, असं बायकोनं बजावलेलं. चालताना साखर खाली येते म्हणून डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी अर्धी केली होती. ते अर्धे तुकडेही तिनंच करून डबीत भरलेले. मोजायच्या पट्ट्या मात्र मोजक्याच दिल्या. एक पट्टी वीस-पंचवीस रुपयांना पडते. "मन हुळहुळलं म्हणून मोजायचं नाही," म्हणाली. देवाच्या वाटेवरही हिशोब माझ्याबरोबर आला याचा मला पहिल्या दिवशी राग आला होता.

विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या काठी आरती झाली, भजन झालं, पावसानं झोडपलं, निघालो.

साखळीच्या पुढचा रस्ता पायाखाली आला आणि माझं नामस्मरण गळलं. या पट्ट्यातल्या रस्त्यांवर मी टिपर चालवलाय. वरून, केबिनमधून पाहिलेले हे रस्ते. कुठं गतिरोधक, कुठं वळणावर समोरचा दिसत नाही, कुठं पोरं शाळेतून सुटतात, सगळं पाठ. पण गटाराच्या कडेला एवढं टाकळ्याचं रान उगवतं हे कधी दिसलं नव्हतं. तेव्हा ते सगळं तांबड्या धुळीखाली असायचं. चालणाऱ्या माणसांच्या अंगावर ती धूळ उडवण्यात माझाही वाटा होता. टाळ वाजवत चालताना एकदम वाटलं, मागून हॉर्न येईल.

टिपर कर्जावर घेतला आणि २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. पुढं थोडं सुरू झालं, जीव आला. मग २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा बंद. आमच्या वाड्यावर प्रत्येक घरासमोर एक टिपर उभा, पावसात गंजत. माझाही. हप्ते भरताना बायकोच्या पाटल्या गेल्या. टिपर विकला तेव्हा आलेले पैसे बँकेच्या दारातच संपले. ती तेव्हा काही बोलली नाही, आणि नंतरही नाही. मला वाटतं, एकदा भांडली असती तर बरं झालं असतं.

त्याऐवजी तिनं वही घातली. सरकारच्या गृहआधार योजनेचे दीड हजार, आईच्या दयानंद योजनेच्या पेन्शनचे दोन हजार, मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्ट करतो त्याचे घरात येणारे, आणि उन्हाळ्यात ती भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, सोलून सोलं वाळवते त्याचे. खर्चाच्या बाजूला पहिलं पान औषधांचं. किराणा त्याच्या मागं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड वहीच्या पुठ्ठ्यात खोचलेलं. चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांपर्यंत उपचार, हे ती देवाच्या आरतीसारखं सगळ्यांना म्हणून दाखवते. पण आजाराचे खरे पैसे दवाखान्यात लागत नाहीत. ते रोज थोडे थोडे जातात. पट्टी, बस, वेगळं पीठ, बंद बोटांची चप्पल.

आणि पाय. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात एकदा डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. नायलॉनच्या दोऱ्यानं तळव्याला टोचतो, लागलं की सांगा, म्हणाले. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "झालं." त्या दिवसापासून रोज रात्री झोपायच्या आधी बायको बॅटरी घेऊन पायथ्याशी बसते. "पाय दाखवा." बोटांच्या बेचक्यात बघते, टाचेवरून बोट फिरवते, कधी काटा काढते. मी वैतागतो. दिवसभराच्या कटकटीनंतर माणसाला झोपू द्यावं की नाही? कधी पाय ओढून घेतो. ती गप्प बसून राहते, पाय परत येईपर्यंत.

तर केरी, चोर्ला घाटाच्या पायथ्याचं गाव. अंजुण्याच्या धरणावर ढग टेकलेले, घाट अर्धा दिसत नव्हता. चोर्ला घाट गाडीनं चढताना मी गिअर मोजायचो. पायी त्याला गिअर नाहीत. पाऊस थांबला की उकाडा, उकाडा वाढला की पाऊस. मोज्यांत पाणी. रस्त्याकडेला जरा टेकलं की जळवा. पुढं विणेकरी, मागं तुळशीवाल्या बायका, मध्ये आम्ही. माझ्या शेजारचा एक तरुण दर वळणावर मोबाईल काढून आपलाच व्हिडिओ घ्यायचा आणि घेऊन झाला की दमलेला चेहरा पुसून टाकायचा. त्याला काही बोललो नाही, पण मनात बरंच बोललो.

पाय दुखला नाही. चिकटला. उजवा पाय उचलताना चप्पल सुटत नव्हती असं वाटलं. मोरीच्या कठड्यावर बसून मोजा काढला तर अंगठ्याच्या खालचा फोड फुटलेला, कातडी सुटलेली आणि मोजा लालसर. किती वेळ मी त्यावर चाललो होतो, कुणास ठाऊक. दिंडी पुढं गेली. "येतो, तुम्ही व्हा पुढं," म्हणालो, आणि सगळे खरंच पुढं झाले. धुक्यात टाळ ऐकू येईनासे झाले तेव्हा मला विठ्ठलाचा नाही, सगळ्या माणूसजातीचा राग आला. फोन काढला. रेंज नाही.

वरून भाजीचा टेम्पो उतरत होता. बेळगावहून गोव्याला रोज उतरतात तसला, ताडपत्री बांधलेला. ब्रेक मारल्याच्या आवाजावरूनच कळलं की डावीकडचं लायनर गेलंय. ड्रायव्हर खाली उतरला. चाळिशीचा असेल. वाटलं, गाडीत बसा म्हणणार, आणि मी नाही म्हणायच्या तयारीत होतो. तो बसलाच माझ्यासमोर, ओल्या रस्त्यावर. "काय झालंय बघू की ओ." पाय हातात घेतला. उलटा करून तळवा पाहिला.

"शुगर हाय काय?"

मी मान हलवली. त्यानं आणखी काही विचारलं नाही. केबिनमधून पाण्याची बाटली आणली, पाय धुतला, माझ्याच पिशवीतल्या मलमाची नळी काढून दिली, पट्टी मला बांधू दिली. मग चाकू घेऊन परत केबिनमध्ये गेला आणि स्वतःच्या सीटची शिवण उसवली. मी ओरडलो, अहो, काय करताय! त्यानं आतला फोम तळहाताएवढा कापून आणला. माझी चप्पल मांडीवर घेतली, पायाचं माप धरलं आणि फोमला नेमकं फोड येतो तिथं भोक पाडलं. पंक्चरच्या सोल्युशननं तो तुकडा चपलेत चिकटवला आणि सुकेपर्यंत दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरला. एवढ्या वेळात मागं तीन गाड्या थांबल्या, हॉर्न वाजले, तो हलला नाही.

"वडिलांचा पाय घोट्यापासून गेला," तो म्हणाला. "तवा डॉक्टर सांगायचे, जखमेला जमीन लागू द्यायची नाही. आमाला उशिरा कळलं."

मी लायनरचं सांगितलं. तो हसला. "म्हायती हाय. ह्या भाड्यात करायचंय." मीही ड्रायव्हर होतो हे सांगितल्यावर त्यानं कुठली गाडी ते विचारलं, मग खाणी परत सुरू होणार काय ते विचारलं, आणि आम्ही दोघं पंढरीच्या वाटेवर बसून डिझेलच्या भावावर बोललो. पैसे द्यायला खिशात हात घातला तर म्हणाला, ठेवा, अजून लई लांब जायचंय. ताडपत्रीखालून चार काकड्या काढून दिल्या. "ह्या खावा. ह्यानं शुगर वाढत नाही." विठ्ठलाकडं तुमच्यासाठी काय मागू, विचारलं. गाडीत चढता चढता म्हणाला, "मागू नका काय. माझ्या वडिलांचा एक पाय राहिलाय, तो तुमी चालता त्यात धरा."

टेम्पो गेला. मी सावकाश चढलो. फोड जमिनीला लागत नव्हता. रडू आलं, ते का ते नीट सांगता येणार नाही. त्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं. आणि हेही सांगतो, घाट चढेपर्यंत माझ्या डोक्यात सतत हाच हिशोब चालू होता की त्या सीटची शिवण मारून घ्यायला त्याला किती पडतील.

रात्री कणकुंबीला माऊली देवीच्या देवळाजवळ मुक्काम. दिंडीतले लोक एकमेकांच्या पाया पडतात, ती रीतच आहे. पेडण्याचे एक म्हातारे बुवा माझ्या पाया पडायला वाकले. मी म्हटलं, "माऊली, वाकलाच आहात तर जरा तळवा बघा. पट्टीच्या बाहेर लाली आलीय का?" ते आधी गोंधळले. मग खिशातून चष्मा काढला, बॅटरी मागवली आणि मांडी घालून बसले. बोटांच्या बेचक्यात बघितलं. टाचेवरून बोट फिरवलं. "लाली नाही," म्हणाले. "पण ही टाच कुणीतरी नेहमी तेल लावून सांभाळलेली दिसते."

त्यानंतर मला बराच वेळ झोप आली नाही. घरात हे काम रोज रात्री होतं, आणि मी पाय ओढून घेतो.

जांबोटीच्या मुक्कामात एका कीर्तनकारांनी संसार म्हणजे कसा पाश, बायको-मुलं म्हणजे कसे पायातले खोडे, यावर दीड तास घेतला. गळा गोड होता, मृदंगही छान. पण मी उठून बाहेर गेलो. ज्या माणसाचा सदरा एवढा पांढरा आहे तो कुणीतरी नीळ घालून धुतलेला आहे. बाहेर दिंडीतल्या बायका दुसऱ्या दिवशीची चटणी वाटत होत्या. मी त्यांना खोबरं किसून दिलं. एक जण म्हणाली, "आत कीर्तन चालू आहे ना?" मी म्हटलं, "हो, चालू आहे."

रेंज आली तेव्हा ठरलेला व्हिडिओ कॉल सुरू झाला. फोड बघून बायको ओरडली नाही. "फोम कुणी लावला?" मी सांगितलं. ती थोडा वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "चप्पल रात्री उलटी करून वाळवा." बेळगाव, चिकोडी, मिरज, सांगोला, गावं आली आणि गेली. कुठल्या शाळेत झोपलो, कुठल्या पंगतीत कोण शेजारी होतं, सगळं आता एकात एक मिसळलंय. पाऊस घाटाबरोबर संपला, पुढं ऊन आणि धूळ, पांढरी धूळ. रोज सकाळी काकड आरतीला डोळे मिटायचे, पण विठ्ठलाऐवजी कधी उसवलेली सीट समोर यायची तर कधी बॅटरी धरलेला हात. मी ते ढकलून द्यायचा प्रयत्न सोडून दिला.

पंढरपुरात पदस्पर्शाची रांग बघून मी तिथूनच हात जोडले. कळसाचं दर्शन घेतलं. चंद्रभागेत पाय घातले नाहीत, कमंडलूतलं पाणी डोक्यावर घेतलं. एक जण म्हणाला, एवढं चालून आलात आणि पाय कोरडे? मी म्हटलं, "हुकूम आहे." कडकडीत उपासही केला नाही. शेंगदाणे आणि ताक घेतलं, एका ओळखीच्यानं पाहिलं, पाहू दे.

फोन लागत नव्हता, लाखो माणसं एकाच वेळी घरी बोलत होती. संध्याकाळी लागला. आई, ही, मुलगा, सगळे पडद्यावर कोंबलेले. हिनं पहिलंच विचारलं, पाय. मी कॅमेरा तळव्यावर धरला. फोड सुकला होता, कातडी गुलाबी. मागून आई ओरडत होती, कळस दाखव, कळस दाखव. तिला मोतीबिंदू आहे, ऑपरेशनची तारीख लागायची आहे. तिनं पडद्याला हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली.

"आई, तो कळस नाही, पाय आहे माझा!"

मुलगा हसून लोळत होता. आईनं डोळे उघडले नाहीत. "असू दे. तिथं पोचलाय ना."

मग हिनं फोन हातात घेतला. सिलिंडर आला, सोलांचे पैसे एकानं दिले, एकानं नाही. "पट्ट्या किती राहिल्या?"

"दोन."

"मग एक उद्या सकाळी, पारण्याचं गोड खायच्या आधी. आणि आकडा मला सांगा, स्वतःच ठरवू नका."