सिस्टर आणि सांगलीचा आग्रह

मिशनरी म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर अजून गोरा साहेबच येतो. त्यात आमच्याकडं सांगली-मिरज रोडला वानलेसवाडी नावाची आख्खी वस्तीच आहे, रोज तिथं चढणाऱ्या-उतरणाऱ्या कितीतरी लोकांना हे एका माणसाचं नाव आहे हेसुद्धा माहीत नसतं. डॉ. विल्यम वानलेस, जन्म कॅनडाचा, 1889 ला इकडं आले, 1894 ला मिरजेत हॉस्पिटल उघडलं आणि पुढं जवळपास चाळीस वर्षं इथंच राहिले. त्यांच्याबद्दल बोलताना लोक ऑपरेशनांबद्दल बोलतात ते बरोबरच आहे, पण मला नेहमी वेगळाच प्रश्न पडतो की पहिल्या उन्हाळ्यात या माणसाला कुणीतरी खर्डा वाढला असेल का, आणि वाढला असेल तर पुढं काय झालं.

आत्ताच्या काळातल्या मिशनरी टीचरला भेटायचं असेल तर आमच्या स्टाफरूममधे या. ती गोरी नसते, परदेशातली पण नसते. केरळची असते, वय तिशीच्या आतबाहेर, बी.एड. झालेली, आणि गणित नाहीतर सायन्स शिकवते. मी मराठी शिकवते त्यामुळं नवीन सिस्टर, म्हणजे नन, आली की ती आपोआप माझ्या शेजारच्या खुर्चीवर येते, भाषा शिकायला सोपं पडावं म्हणून. आता आपण म्हणतो की देश तर एकच आहे, अवघड काय त्यात. पण समुद्र, नारळ, मासे आणि धो धो पाऊस यात वाढलेल्या मुलीला एकदम तासगाव-जतच्या बाजूचं ते कोरडं माळरान दाखवा, ताटात शाळूची भाकरी ठेवा आणि सांगा की आता हे तुझं घर, मग कळेल.

माझ्या बघण्यात असं आलंय की मोठ्या गोष्टींची तयारी या बायका करून आलेल्या असतात. घर सोडायचं, स्वतःचे पैसे ठेवायचे नाहीत, वरून बदलीचं पत्र आलं की बॅग भरायची, हे सगळं त्यांनी व्रत घेतानाच मान्य केलेलं असतं त्यामुळं त्याचा त्रास चेहऱ्यावर दिसत नाही. त्रास होतो तो आपल्या चहाचा. पालकांच्या घरी भेट द्यायला गेलं की प्रत्येक घरात चहा, साखर भरपूर, आणि नको म्हणलं की समोरच्या बाईचा चेहरा असा पडतो की जणू हिनं त्यांच्या घराण्यालाच नाव ठेवलंय. एका सिस्टरनं मला विचारलं होतं, "टीचर, नो कसं बोलायचं?" मी म्हणलं, सिस्टर, सांगलीत नो बोलायची सोय नाहीये, तुम्ही फक्त "अर्धा" म्हणायचं. मग अर्धा म्हणायला शिकल्या. तरी बशी भरेस्तोवर मिळतोच म्हणा.

दुसरी गोष्ट आडनाव. आपल्याला आडनाव कळल्याशिवाय माणूस कळत नाही आणि आडनाव कशासाठी विचारतात हे काय वेगळं सांगायला नको. सिस्टर आपलं नाव सांगणार, समोरचा म्हणणार हो पण पुढचं? मग त्या घराण्याचं नाव सांगतात, केरळमधे ते इनिशियलमधे असतं, ते ऐकून विचारणाऱ्याला काहीच उलगडा होत नाही आणि त्याची जी पंचाईत होते ती बघायला मला मनापासून आवडते. मग गाडी वळते लग्नावर. लग्न का नाही केलं, घरच्यांनी जबरदस्ती केली का, म्हातारपणी कोण बघणार. आमच्या शिपाई मावशींनी तर विचारलं होतं, "शिस्टर, आईची आठवन येती का वो?" आणि या एकाच प्रश्नाला सिस्टर भरभरून बोलल्या होत्या, अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि मधेच मल्याळम, आणि मावशींना सगळं समजलं असं मावशींचं म्हणणं.

सगळ्यात मोठा धक्का त्यांना बसतो तो मात्र नाताळला. त्यांना वाटलेलं असतं की निदान हा एक दिवस तरी ओळखीचा असेल, चर्च तेच, येशू तोच. आणि इथल्या ख्रिश्चन घरात गेलं की समोर येतात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या! आमच्या स्टाफमधल्या एक मॅडम मिरजेच्या, त्यांच्या आजोबांपासून प्रोटेस्टंट, त्यांच्याकडं नाताळला आम्ही सगळे जातो. तिथं पेटी-तबल्यावर मराठी भजनं चालतात, रेव्हरंड टिळकांची पण असतात. नारायण वामन टिळक, जन्मानं कोकणातले ब्राह्मण, 1895 ला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांना हेच खटकायचं की ख्रिस्त इथं साहेबाचे कपडे घालून का आलाय, मग त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, शेवटची काही वर्षं साताऱ्यात राहिले आणि तिथं "देवाचा दरबार" सुरू केला. सिस्टर कॅथॉलिक, त्यात केरळच्या, तिकडची ख्रिस्ती परंपरा तर युरोपच्या मिशनऱ्यांच्या कितीतरी आधीची. त्या भजनाला टाळी वाजवत बसल्या होत्या पण टाळी एक मात्रा उशिरा पडत होती. मला वाटतं परक्या धर्माच्या माणसांत राहणं त्यांना तितकं अवघड जात नाही, आपल्याच धर्माची माणसं परक्यासारखी वागायला लागली की जास्त गोंधळ होतो. संक्रांतीला हळदीकुंकवाला त्या आरामात येतात, कुंकू नको म्हणतात, तिळगूळ घेतात, वाणाचा प्लास्टिकचा डबा घेऊन हसत जातात, कुणालाच काही वाटत नाही.

2019 ला ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं तेव्हा मात्र उलटं झालं. आम्ही इथंच जन्मलेलो पण हातपाय गाळून बसलेलो, आणि तेव्हाच्या सिस्टर साडीचा पदर खोचून चपात्यांच्या पिठाचा डोंगर मळत होत्या, चपात्या गोल नव्हत्या पण तेव्हा कोण बघतंय. आदल्या वर्षी त्यांच्याकडं केरळला पूर आलेला, म्हणाल्या पाण्याची सवय आहे आम्हाला.

त्यांची बदली झाली. आता जूनमधे नवीन सिस्टर आल्यात, या वेळी केरळच्या नाहीत, झारखंडच्या आहेत. पहिल्याच दिवशी मावशींनी चहा पुढं केला, नाव विचारलं, पुढचं विचारलं. सिस्टरनी सरळ आडनाव सांगितलं, तिर्की. मावशी जरा वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे आमच्या शिराळ्याकडं असत्यात त्यातलंच का?"