चाक हलायचं, ग्रीस मात्र बाहेरच

कारखान्यावर ऊस उतरवून रिकामी ट्रॉली घेऊन परत निघालं की आमचा ट्रॅक्टर नाचायला लागायचा. भरल्या ट्रॉलीला वेगच नसतो, त्यामुळे जाताना काही जाणवायचं नाही. येताना मात्र वेग वीसच्या पुढे गेला आणि एखादा खड्डा लागला की पुढची चाकं थरथरायची, स्टिअरिंग मनगटाला हिसके द्यायचं. वेग पार उतरवल्याशिवाय थांबायचं नाही.

ट्रॅक्टर १९९८ चा, ३५ एचपी, साध्या स्टिअरिंगचा. पहिला संशय टायरवर. एकात हवा १८ पीएसआय, दुसऱ्यात ३०! सारखी केली, पण थरथर तशीच. मग एका गॅरेजवाल्याने काही न तपासता टायरॉडचे, म्हणजे पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे, दोन्ही एंड बदलले. आठ दिवस बरं वाटलं, नवव्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी घरीच बघायचं ठरवलं. मागच्या चाकांना दगड लावले, पुतण्याला सीटवर बसवलं. चाकं जमिनीवरच ठेवून त्याला स्टिअरिंग जरा-जरा इकडे-तिकडे करायला लावलं आणि मी एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेलो. डोळ्याला न दिसणारा प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, हाताला कळतो. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) ठीक, एंड तर नवेच. मग एक्सलखाली जॅक आणि लाकडी ठोकळा देऊन उजवं चाक वर-खाली धरून हलवलं. टक्! टक्!

"काका, आतलं अख्खंच हालतंय की," पुतण्या वाकून बघत म्हणाला.

हबचं, म्हणजे चाकाच्या मध्याचं, बेअरिंग ढिलं असतं तर नुसतं चाक हललं असतं. इथे चाकाबरोबर स्टब एक्सल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो तुकडाही, हलत होता. म्हणजे त्याचा उभा शाफ्ट ज्या नळ्यांत फिरतो ते बुश गेले.

पण मी तर दर आठवड्याला ग्रीस मारत होतो! ग्रीस गन लावून बघितली, तर ग्रीस निपलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) कडेनेच बाहेर. निपल खोलला, आतलं ग्रीस वाळून खडा झालेलं. बाहेर आलेलं ग्रीस बघून मी इतकी वर्षं 'भरलं' म्हणत होतो.

सगळं खोललं. खालचा बुश एका अंगाने कागदासारखा, स्टब एक्सलच्या शाफ्टला झिजून नख अडकेल एवढी पायरी. मिस्त्री म्हणाले, "दादा, वेल्डिंग भरून टर्निंग मारतो, निम्म्यात होईल." नको म्हटलं. रस्त्यात तो वेल्डिंगचा शाफ्ट मोडला तर चाक एकीकडे आणि आपण दुसरीकडे. नवा स्टब एक्सल घेतला. बुश लेथवाल्याकडून दाबून बसवले, रीमर मारून त्यांचं भोक आतून मापात करून घेतलं. बुशचं भोक ग्रीसच्या भोकासमोर आलंय का, ते तार घालून बघितलं. ते चुकलं असतं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डावीकडचे बुशही त्याच फेरीत उरकले. चाक उचललेलं असतानाच ग्रीस भरलं, जुनं काळं बाहेर पडून नवं दिसेपर्यंत.

चाकांची दिशा मात्र पार बिघडलेली. रिमवर हबच्या उंचीला खडूची खूण करून टेपने मोजलं. दोन्ही चाकांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा ९ मिमीने जास्त. टायरॉड फिरवून ते मागच्यापेक्षा ४ मिमीने कमी असेल असं केलं, चेकनट आवळले.

परवा रिकामी ट्रॉली घेऊन त्याच खड्ड्यावरून आलो. स्टिअरिंग हललं नाही. अजून दोन बोटं प्ले आहे, तो स्टिअरिंग बॉक्सचा. तो गळीत संपल्यावर बघू.