आमची वाटचाल : डोंगल, हिरवा ठिपका आणि शेवटचा रकाना

ठाण्यात नौपाड्याला आमचं ऑफिस. वागळे इस्टेटमधल्या लहान कारखान्यांचे हिशेब लिहायचे, जीएसटी भरायचा, कामगारांचे पगार काढायचे, हा आमचा धंदा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि काम वाढलं. माणसं वाढली, टेबलं वाढली, जागा तेवढीच राहिली. त्या दाटीत एक सोय होती. कोण कशात अडकलंय हे विचारावं लागत नसे. पोर्टल बंद पडलं की कुणीतरी करवादायचं आणि ते अख्ख्या खोलीला कळायचं.

मार्च २०२०मध्ये ती खोली बंद झाली. लोकलही बंद, म्हणजे डोंबिवली-बदलापूरच्या मंडळींचा प्रश्नच मिटला. कॉम्प्युटर आधीच रिक्षातून घरोघर गेले होते. अडलं ते डोंगलपाशी. कंपन्यांच्या रिटर्नला संचालकाची डिजिटल सही लागायची, ती असते पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये, आणि ते डोंगल आमच्या कपाटात. मे महिन्यात सरकारने जीएसटीआर-३बी, म्हणजे दर महिन्याचं कर भरायचं रिटर्न, ओटीपीवर भरायची मुभा दिली तेव्हा जीव भांड्यात पडला. पण ओटीपी येतो मालकाच्या मोबाइलवर आणि काही मिनिटांत बाद होतो. आकडे भरणारी बदलापुरात, तपासणारा मी ठाण्यात, मालक गावी निघून गेलेले. तिघं एकाच वेळी फोनपाशी हवेत. माणूस 'सापडणं' किती महत्त्वाचं ते आम्हाला या रिटर्नच्या २० तारखेने शिकवलं.

तेव्हाच चॅटसाठी मायक्रोसॉफ्ट टीम्स घेतलं. त्यात नावाजवळ हिरवा ठिपका असतो. कॉम्प्युटरला पाच मिनिटं हात लागला नाही की पिवळा होतो. माझे भागीदार दिवसभर ते ठिपके न्याहाळत बसायचे. आता आमच्या कामात बिलांचा गठ्ठा मांडीवर घेऊन पेन्सिलीने टिका मारणं हा मोठा भाग. ते करणाऱ्याचा ठिपका पिवळा आणि नुसता माउस हलवत बसलेल्याचा हिरवा! ठिपक्यावरून कुणाला बोलायचं नाही, असं मी जाहीर करून टाकलं. भागीदारांना ते अजून पटलेलं नाही.

त्याऐवजी एक सामायिक शीट केली. प्रत्येक पार्टीची, म्हणजे ज्याचे हिशेब लिहितो त्या कारखान्याची, एक ओळ आणि शेवटचा रकाना : 'कुठे थांबलंय, कुणामुळे'. उठताना तो भरायचाच. 'चालू आहे' लिहिलेलं चालत नाही. 'खरेदी टूबीशी (पुरवठादारांनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांच्या यादीशी) जुळवली, पत्र्याच्या व्यापाऱ्याची दोन बिलं दिसत नाहीत, त्याला फोन केलाय, संध्याकाळी सांगतो म्हणाला' असं लिहायचं. मग त्या माणसाचं पोर आजारी पडलं तरी दुसरा तिथून पुढे काम उचलतो, त्याला उठवावं लागत नाही. आणि घाई असेल तर सरळ फोन. बाकी सगळं चॅटवर, त्याला दुपारच्या जेवणाआधी आणि काम संपवताना उत्तर द्यायचं. मध्ये कुणी कुणाला 'आहेस का?' विचारायचं नाही. काय हवंय तेच लिहायचं.

१२ ऑक्टोबर २०२०च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. सगळे ठिपके एकदम गायब. विक्रीच्या रिटर्नची, जीएसटीआर-१ची, ११ तारीख आदल्याच दिवशी उलटली होती म्हणून बरं. तेव्हापासून प्रत्येकाच्या घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर कागदावर लिहून भिंतीला लावलेला आहे.

दिसण्याचं दुसरं दुखणं मात्र शीटने मिटलं नाही. लोकल सुरळीत झाल्यावर ठाण्यातली मंडळी रोज ऑफिसला येऊ लागली, बदलापूरच्या ताई घरूनच करत राहिल्या. सगळ्यात किचकट पार्ट्या त्यांच्याकडे, आणि कारखानदार चहाला आले की ओळख कुणाची, तर समोर बसलेल्यांची. कामाचं कौतुकही त्यांनाच. मग मी ताईंच्या पार्ट्यांचे मेल त्यांच्याच नावाने पाठवायला लावले. मालकाचा फोन आला की 'हे ताईच सांगतील' म्हणून त्यांना जोडून देतो. पहिल्यांदा एका मालकाने 'तुम्हीच सांगा ना साहेब' म्हणून कुरकुर केली. आता तेच साहेबांना वगळून थेट ताईंना फोन लावतात. पगारवाढीच्या वेळी शीट उघडून बसतो, समोर कोण दिसतंय ते बघत नाही.

कॅमेरा सक्तीचा नाही. एका खोलीत सासूबाई, देव्हारा आणि पोरांचा अभ्यास असताना अख्ख्या ऑफिसला घर दाखवायला लावणं मला बरं वाटत नाही.

नव्या मुलांना मात्र पहिले काही महिने नौपाड्यालाच बसवतो. बी.कॉम. झालेलं पोर शीट भरायला लगेच शिकतं. पण चिडलेल्या मालकाशी कसं बोलायचं, हे शेजारच्या टेबलावरचा फोन कानावर पडल्याशिवाय येत नाही. ताईंनी यावर तोडगा सुचवलाय : त्या मालकांशी बोलताना नव्या मुलाला कॉलवर घेणार, त्याने फक्त ऐकायचं. येत्या तिमाहीपासून करून बघतोय. भागीदारांनी विचारलंच, 'त्या वेळी त्याचा ठिपका कुठला असेल?'