आधी व्हॉल्व्ह बघ

पोराने सायकल आडवी पाडली आणि थेट टायरमध्ये पान्हा घातला. "पंक्चरच असणार," म्हणाला. एकदम सायकल दुरुस्तीवाले काका आठवले.

काका आधी बोट ओलं करून व्हॉल्व्हवर ठेवायचे. बुडबुडा आला की नट सैल करून आतली पिन काढायची, तिच्यावरची चिरलेली रबरी नळी, म्हणजे व्हॉल्व्हट्यूब, फेकायची, बोटाच्या पेराएवढा नवा तुकडा ओला करून चढवायचा. झालं काम! साध्या काळ्या सायकलची हवा रात्रभरात हळूहळू उतरत असेल, तर पुष्कळदा ट्यूब धडधाकटच असते. उन्हाने कुजलेलं असतं ते हे इवलंसं रबर.

पंक्चर निघालंच, तर ठिगळाआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. बाभळीचा काटा बाहेरून दिसत नाही आणि आत राहिला तर पुन्हा तिथेच भोक. शेजारी-शेजारी दोन भोकं असली, तर काटा शोधू नका. हवा कमी होती, खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. आणि ठिगळ चिकटवायचं सोल्युशन ट्यूबला लावलं की ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, ओल्यावर लावलेलं ठिगळ सुटतं.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, तेव्हापासूनचं त्यांचं दुकान. हे सगळं ते शाळेच्या पोरांना समोर बसवून शिकवायचे. "अहो, गिऱ्हाईक जाईल ना!" असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "सायकल घरात पडून राहिली, तर जाईल."

बाहेर साखळीला बांधलेला पंप, हवा फुकट.

शटर आता कायमचं खाली आहे. तो पंप कुणाकडे असेल?