दोन असेसर, पाच पार्टोग्राफ आणि एक आजी

सरकारी गुणवत्ता तपासणीची चेकलिस्ट पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं, तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांची मिळून असेल. झेरॉक्सवाल्याने दोन गठ्ठे सुतळीने बांधून दिले होते. सर, म्हणजे आमचे वैद्यकीय अधिकारी, म्हणाले, "सिस्टर, ही आपली एकट्याची आहे."

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. सहा खाटांचं केंद्र, डोंगराच्या कडेला. नियमाने ३०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० मागे एक. नियम लोकसंख्या मोजतो, पायवाटा मोजत नाही. आमच्या शेवटच्या वाडीवरून बाळंतीण आणायची तर अजूनही अर्धा रस्ता डोलीने.

ही चेकलिस्ट एनक्यूएएसची, म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांची. ही मानकं २०१३ साली जिल्हा रुग्णालयांपासून सुरू झाली, मग खाली झिरपत आमच्यापर्यंत आली. केंद्रातून कोणीतरी गुणवत्तेचं काम बघायचं होतं. ज्या मीटिंगमध्ये ते ठरलं त्या दिवशी मी रजेवर होते. सरकारी नोकरीत काढलेल्यांना पुढचं सांगायला नको.

आमच्या केंद्राचे सहा भाग पाडले होते: ओपीडी, लेबर रूम, वॉर्ड, लॅब, राष्ट्रीय कार्यक्रम आणि प्रशासन. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. एकूण ७० टक्के हवेत आणि प्रत्येक भागातही ७० हवेत, म्हणजे ओपीडी चकाचक ठेवून लॅबचं झाकता येत नाही. प्रत्येक मुद्द्यासमोर तो कसा तपासायचा तेही लिहिलेलं: डोळ्यांनी बघून, कर्मचाऱ्याला विचारून, रेकॉर्ड काढून किंवा रुग्णाशी बोलून. ही शेवटची पद्धत मी तेव्हा वाचली आणि विसरून गेले.

आधी स्वतःच स्वतःला गुण द्यायचे असतात. आम्ही दिले, अगदी सढळ हाताने, तरी सत्तरच्या बरेच खाली राहिलो. मग सात-आठ महिने नुसती धावपळ. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून रॅम्प झाला, दवाखान्यातल्या कचऱ्यासाठी पिवळ्या-लाल-निळ्या बादल्या आल्या, पेंटरने नागरिकांची सनद लिहिली. त्यात 'प्रसूती'चं 'प्रसुती' केलं ते दोनदा खोडून घेतलं. एसओपीच्या, म्हणजे कोणतं काम कसं करायचं त्याच्या, फायली झाल्या. दर शनिवारी सर सगळ्यांना उभं करून हात धुण्याच्या सहा पायऱ्या करून घ्यायचे. आमचे शिपाईमामा त्या पायऱ्या एसटीच्या रांगेतसुद्धा करताना दिसायचे.

घरी माझा नवरा हे सगळं बघून हसायचा. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. म्हणायचा, "तुमचं बरंय, बादलीचा रंग बरोबर आला की गुण. आमच्याकडे असरवाले येतात ते पोराला घरी गाठतात." ते खरंच आहे. 'प्रथम' या संस्थेचं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे. निवडलेल्या गावात घराघरात जातात, मुलासमोर एक कागद धरतात. आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. शाळेतही जातात, पट, हजेरी, संडास, पाणी बघतात, पण पेपरात बातमी होते ती पाचवीच्या पोराला दुसरीची गोष्ट वाचता येत नाही याची. नवऱ्याचं म्हणणं असं की शाळेची परीक्षा घरात होते आणि दवाखान्याची दवाखान्यातच.

मी म्हटलं, तुमच्या मास्तरांची तर हजेरीपण मोजून झाली आहे. २००३ च्या सुमाराला जागतिक बँकेच्या अभ्यासात माणसं न सांगता शाळांमध्ये आणि आरोग्य केंद्रांमध्ये गेली होती. भारतात २५ टक्के शिक्षक जागेवर नव्हते. यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "सगळ्यात कमी गैरहजेरी महाराष्ट्रात होती, पंधरा टक्क्यांच्या आत. आणि तुमचे आरोग्यवाले? चाळीस टक्के गायब." या आकड्यावर मी दर वेळी भाजीला फोडणी घालायला उठते.

राष्ट्रीय तपासणीला दोन असेसर आले, दोघंही परराज्यातले. एक वयस्कर डॉक्टर आणि एक मॅडम, ज्या पूर्वी नर्सिंगमध्ये होत्या. हे मला आधी कळलं असतं तर मी लेबर रूममध्ये सरांना उभं केलं असतं.

सकाळी नऊला आले आणि सव्वानऊला लाइट गेली. ती आमच्या पथ्यावर पडली. इन्व्हर्टर लगेच चालू झाला, आयएलआरचं, म्हणजे लसींच्या फ्रीजचं, तापमान दोन ते आठच्या आतच राहिलं, आणि डॉक्टरांनी मान डोलावून काहीतरी लिहिलं.

लेबर रूममध्ये मॅडमनी मला सोडून मावशींना पकडलं. "जंतुनाशक पाणी कसं करता, दाखवा." मावशी सातवी पास, बावीस वर्षं इथे. एक अक्षर न बोलता प्लास्टिकची बादली ओढली, एक लिटर पाणी घेतलं, ब्लीचिंग पावडरचे तीन चमचे बोटाने सपाट करून टाकले, लाकडी दांड्याने ढवळलं. मॅडमनी विचारलं, स्टीलची बादली का नाही? मावशी म्हणाल्या, "गंजते ना बाई. अन् पावडरीतला दम जातो." अवजारं किती वेळ बुडवायची? "दहा मिनिटं. जास्त ठेवली तर कात्री खराब होते, मग सिस्टर माझ्यावर ओरडतात." दोनपैकी दोन. मला मनातून फार बरं वाटलं, ओरडण्याचा भाग सोडून.

मग मॅडमनी बाळंतपणाचे पाच केसपेपर मागितले. प्रत्येकात पार्टोग्राफ होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कळा धरून गर्भपिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की हा आलेख सुरू करायचा. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला, आतली तपासणी चार तासांनी. प्रसूती तासाला एक सेंटिमीटरच्या मागे पडू लागली की रेघ इशाऱ्याच्या रेषेला छेदते, आणि तेव्हाच गाडी बोलवायची. आईचा आणि बाळाचा जीव वाचवणारा कागद आहे, फक्त वेळेवर भरला तर.

मॅडमनी त्यातला एक खिडकीशी नेऊन उजेडात धरला. ठोके: २.००, २.३०, ३.००, ३.३०. पहाटे पाचपर्यंत असंच, एका मिनिटाचा फरक नाही. सगळं एका पेनाने, एका दाबाने. मग त्यांनी शांतपणे प्रसूतीचं रजिस्टर उघडलं. त्याच रात्री ३.१० ला दुसरी एक बाई बाळंत झालेली, आणि तिथेही सही माझीच.

"सिस्टर, आपके यहाँ बच्चे घड़ी देखकर आते हैं?"

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं. रात्री ड्युटीला एकच सिस्टर असते. दोन बायका एकदम अडल्या की हातात ग्लोव्ह असतो, पेन नसतो. ठोके मी ऐकले होते, पण तीन-चार वेळा, जमेल तसे, आणि कागद सकाळी चहा पिता पिता भरला होता. मॅडमनाही हे माहीत असणार, त्यांनीही रात्रपाळ्या काढल्या होत्या. त्यांनी एक गुण दिला. शून्य दिला असता तर बरं वाटलं असतं, असं मला घरी जाताना वाटलं.

त्या संध्याकाळी सर चहाला थांबले होते. त्यांनी मध्य प्रदेशातल्या एका अभ्यासाचं सांगितलं, २०१२ साली छापून आलेला. माणसांना शिकवून, खोटे रुग्ण बनवून खेड्यातल्या दवाखान्यांमध्ये पाठवलं होतं. समोरच्याला पत्ता नाही. प्रत्येक रुग्णाला सरासरी चार मिनिटंही मिळाली नव्हती, आणि बरोबर निदान साधारण आठांतल्या एकालाच. तपासणाऱ्यांत पदवी नसलेलेही भरपूर होते, हे खरं. सर म्हणाले, "सिस्टर, आपल्याकडे असा कोणी येऊन गेला असेल तर?" मग दोघंही ओपीडीतले अलीकडचे चेहरे आठवत बसलो.

दुसऱ्या दिवशी त्या विसरलेल्या पद्धतीची, रुग्णाशी बोलण्याची, पाळी आली. डॉक्टर बाहेर बाकावर जाऊन बसले आणि शेजारच्या आजींशी बोलू लागले. मी दुभाषी. आजी बीपीच्या. आमच्या रजिस्टरात त्यांची दर महिन्याची नोंद, गोळ्या दिल्या, समुपदेशन केलं, बरोबरची खूण. इथे कसं वागवतात? "पोरी बऱ्या हायेत. फक्त दहानंतर ह्या बाकावर ऊन येतं." आठ महिन्यांत आमच्यातल्या एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. आम्ही तिथे बसतच नाही.

मग गोळ्यांचं विचारलं. आजींनी कमरेची पिशवी सोडली, अॅम्लोडिपिनची स्ट्रिप काढली. दहापैकी आठ गोळ्या तशाच. तारखेप्रमाणे दोन-तीनच उरायला हव्या होत्या.

"ही कधी घेता, आजी?"

"डोकं दुखलं की."

डॉक्टरांना भाषांतराची गरज पडली नाही. स्ट्रिप बघूनच त्यांना कळलं. मी पुढे होऊन, "आजी, मी सांगितलं होतं ना रोज एक?" म्हटलं. त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं की. पण रोज कशाला खायची, मला रोज थोडीच दुखतंय." डॉक्टरांनी वहीत काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

दोन महिन्यांनी निकाल आला. पास झालो. प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं, मध्ये दर वर्षी राज्याची फेरतपासणी. ते आता सरांच्या खुर्चीमागे लावलंय, आणि गुणवत्तेचं काम अर्थातच माझ्याकडेच आहे, त्यानंतर मी एकाही मीटिंगला दांडी मारली नाही तरी. बाकावर पत्र्याची पडवी टाकायचा प्रस्ताव समितीपुढे आहे. पार्टोग्राफ लेबर रूमच्या भिंतीवर क्लिपबोर्डला दोरीने बांधलाय, पेनसुद्धा दोरीला. एकच बाई असली की वेळेवर भरला जातो. दोन असल्या की वेळा वेड्यावाकड्या लागतात, २.१०, २.५५, आणि मधली जागा मी मोकळी सोडते.

बीपीच्या रुग्णाला मी आता गोळी कशी घ्यायची ते आधी सांगत नाही. आधी म्हणते, पिशवी सोडा, स्ट्रिप दाखवा. रांग लांबते. परवा मागून एक जण ओरडला, "सिस्टर, गोळ्या मोजताय की माणसं?" त्याचीही स्ट्रिप काढायला लावली. पूर्ण भरलेली होती.