लाल चौकट आणि कात्री

आत्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरची औषधे आणायला आज गेलो होतो. ट्रामाडॉल हे तीव्र वेदनाशामक देताना दुकानदाराने चिठ्ठी नीट वाचली, रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव एच-१ या कडक नियंत्रणाखालील औषधांच्या सरकारी यादीसाठीच्या वेगळ्या नोंदवहीत लिहिले (ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते) आणि मग गोळ्यांची पट्टी कात्रीने अशी कापली, की मागची लाल चौकटीतील सूचना निम्मी त्याच्याकडेच राहिली. २०१४ पासून सक्तीची असलेली ही सूचना एरवीही बारीक इंग्रजीत असते आणि वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे आणि चिठ्ठीशिवाय ते विकू नये, एवढेच सांगते; त्याची सवय लागू शकते, झोपेच्या गोळीबरोबर घेतल्यास श्वास मंदावू शकतो, हे तिच्यात कुठेच नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नेमका हा एकत्र घेण्याचा धोका माहितीपत्रकात ठळक चौकटीत छापणे २०१६ मध्ये बंधनकारक केले. आपल्याकडे ट्रामाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले, म्हणजे शासनाला धोका चांगलाच ठाऊक आहे. रुग्णापर्यंत मात्र त्याची माहिती पोहोचत नाही. आत्या रात्री झोपेची गोळी घेते, हे डॉक्टरांना फोनवर कळवताच त्यांनी वेदनाशामकच बदलून दिले.