डॉग पार्कच्या फाटकाबाहेरची दहा मिनिटे

चिंगी आमच्या घरी आली त्याला आता चार वर्षे होतील. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या एका बांधकामावर जन्मलेली ही गावठी कुत्री गंगापूर रोडवरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत वाढली आणि वर्षभराची होईपर्यंत तिला दोरीशिवाय मनसोक्त धावणे ठाऊकच नव्हते. रस्त्यावर फिरवायला न्यावे तर वाहनांची वर्दळ आणि प्रत्येक गल्लीत आपला इलाखा राखणारी कुत्री. त्यामुळे शहराबाहेर एक कुंपण घातलेले डॉग पार्क आहे असे कळले, तेव्हा मी फारसा विचार न करता तिला तिथे घेऊन गेले.

अशी जागा आपल्याकडे अजून नवलाईची आहे. अमेरिकेत बर्कली येथे १९७९ मध्येच कुत्र्यांसाठी स्वतंत्र उद्यान झाले. हैदराबादच्या कोंडापूरमधील महापालिकेचे डॉग पार्क मात्र २०१८ मधले आहे. पहिल्या दिवशी चिंगीने दोरी सुटताच मैदानाला जे वेढे घातले, ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले. नंतर पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग उंच करून तिने एका बीगलला खेळायला बोलावले. थोडा वेळ ती त्याच्या मागे धावे, मग तो तिच्या मागे. पाळी अशी बदलत राहिली की खेळ निकोप आहे असे समजावे, आणि एकच कुत्रे सतत पळत, शेपूट पायांत घालून कोपरे शोधत असेल तर तो खेळ उरलेला नसतो, हे मला पुढे कळले.

पिलाला माणसांची आणि कुत्र्यांची सवय लागावी म्हणून डॉग पार्कमध्ये न्यावे, असे अनेक जण सांगतात. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याचा पिलाचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो, तर सुरुवातीच्या लसींची मालिका सोळाव्या आठवड्याच्या आसपास पूर्ण होते. पिलांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणारा पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. आजारी कुत्रे समोर असावे लागत नाही, ते पूर्वी कधीतरी तिथे बसून गेलेले असले तरी पुरते. या वयात पिलाला कडेवर घेऊन बाजार दाखवावा, लसीकरण झालेले शांत कुत्रे असलेल्या ओळखीच्या घरी न्यावे, पण सार्वजनिक मैदानात खाली सोडू नये.

पावसाळ्यात तर मी मोठ्या कुत्र्यालाही तिथे नेत नाही. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात, आणि धावून तहानलेले कुत्रे त्याच डबक्याला तोंड लावते. हा आजार माणसालाही होतो. दरवर्षी लस द्यावी हे खरेच, परंतु ती या जंतूच्या काहीच प्रकारांपासून संरक्षण देते.

गोचिडांचा अनुभव आम्ही स्वतः घेतला. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात चिंगीने अचानक खाणे सोडले, तिच्या हिरड्या फिकट पडल्या आणि रक्ततपासणीत प्लेटलेट फार कमी आढळल्या. गोचीड तापाचे निदान झाले, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक २८ दिवस द्यावे लागले. ती गोचीड पार्कमधल्या गवतातलीच होती असे मी म्हणणार नाही, कारण आमच्या सोसायटीच्या आवारातही गोचिडी आहेत. मात्र तेव्हापासून तिथून आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली हात फिरवून पाहिल्याशिवाय मी तिला घरात घेत नाही.

नाशिककरांना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे घरोघरी असतात, आणि कोणीतरी प्रेमाने पेटी घेऊन पार्कमध्ये येते. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर, हे आधी सांगता येत नाही. गवतात पडलेला एक घड मी स्वतः उचलून बाहेर टाकला आहे.

तरीही मला सर्वाधिक भीती आजारांची नाही, तर बाकावर बसून मोबाइल पाहणाऱ्या मालकांची वाटते. एकदा एका चेंडूवरून चिंगीची आणि एका लॅब्रॅडॉरची जुंपली. थोडे आधी मी तिला दोरी लावत असताना त्याचे मालक, वयाने मोठे गृहस्थ, म्हणाले होते, “ताई, राहू द्या की तिला मोकळी, आमचा काही करत नाही.” चिंगीचा कान फाटला. घाबरून मी मध्ये हात घातला, जे कधीही करू नये, कारण भांडणारे कुत्रे हात कोणाचा हे पाहत नाही. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांचा कुत्रा घरी खरोखरच काही करत नसेल. पण घरी त्याच्या चेंडूवर हक्क सांगणारे दुसरे कुणी नव्हते.

चिंगीला नेणे मी थांबवलेले नाही, कारण तिथले तिचे धावणे मी तिला अन्यत्र देऊ शकत नाही. हिवाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास जाते. त्या वेळी तीन-चार ओळखीचीच कुत्री असतात. चेंडू आणि खाऊ घरी ठेवते, पाण्याचे भांडे आमचे आम्ही नेतो. आत शिरण्यापूर्वी दहा मिनिटे फाटकाबाहेर उभी राहून आत कोण आहे, मालक लक्ष देत आहेत का, चिंगीची शेपूट कशी आहे, हे पाहते. गेल्या बुधवारी आत एक अनोळखी, ताठ उभा राहून रोखून पाहणारा कुत्रा होता. आम्ही आत गेलो नाही. सोमेश्वरच्या बाजूला लांब दोरीवर तासभर फिरलो, आणि ती घरी येऊन तशीच गाढ झोपली.